पंधरा मेचं पत्र

"मावशी, मला कोंडलंय. दाराला बाहेरून कडी घातलीय."

साधनाचा आवाज एवढा दबलेला होता की गोदावरीबाईंनी रिसीव्हर कानात खुपसला.

"कुणी कोंडलं?"

"गुरुजींनी. आणि मखमलाबादच्या खंडेरावांनी. ते निनावी पत्र मीच लिहिलं म्हणतात. पाच वाजेपर्यंत कबूल हो, नाहीतर तोंडाला काळं फासून पोलिसांकडे नेतो म्हणतात. बाहेर माणसं जमलीत. या खोलीत जोडफोन आहे म्हणून तुम्हाला..."

"लिहिलंस का तू?"

"नाही हो!"

"मग रडू नकोस. रडणाऱ्याचं कुणी ऐकून घेत नाही. निघालेच मी."

२००६ साल, जूनची बारा तारीख, सोमवार, दुपारचे दोन. गोदावरीबाईंनी चष्मा पुसला, इंदिरानगरच्या फ्लॅटला कुलूप घातलं आणि रिक्षा केली. साधना त्यांच्या खालच्या मजल्यावरची. बाप नाही, आई आजारी, पोरीच्या पगारावर घर चालायचं.

गोदावरीबाई नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेल्या. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. छापलेले कागद समोरून सरकायचे आणि त्यातला खोटा, चुकलेला, डागाळलेला कागद बाजूला काढायचा. ती सवय सुटली नव्हती. माणसांकडेही त्या तशाच बघायच्या, त्यामुळे शेजारपाजारचं कुणी त्यांच्याकडे साखर मागायलाही येत नसे. त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

गंगापूर रोडवर वेणीमाधव गुरुजींच्या बंगल्याच्या फाटकाशी गर्दी होती. एकाच्या हातात काळ्या ऑइलचा डबा.

"तो डबा खाली ठेव आधी," गोदावरीबाई म्हणाल्या. "पाच वाजायला अजून अडीच तास आहेत. तोवर हात दुखेल."

त्याने खरंच ठेवला.

वेणीमाधव गुरुजींचं लग्न जुळवणीचं ऑफिस खाली आणि घर वर. पस्तीस वर्षांत चौदाशे लग्नं जुळवली, एकही मोडलं नाही, असं ते स्वतः सांगायचे आणि दर वेळी सांगायचे. बायको वारलेली. सोबत राहायचा तो पुतण्या विश्वेश. त्याचा कॉलेज रोडला कॉम्प्युटर क्लास. ऑफिसात टायपिंगला साधना. झाली सगळी माणसं.

"आपण कोण?" गुरुजींनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

"साधनाची मावशी समजा."

"मग घेऊन जा तिची कबुली. आमच्या दाराला डाग लावला कार्टीने."

"कबुली न्यायला नाही आले. काय झालं ते कळायला आले. कोण सांगतंय?"

खंडेराव उभा राहिला. फुलांची शेती करणारा, उन्हाने रापलेला, आडव्या हाडाचा माणूस. डोळे तांबारलेले.

"मी सांगतो. माझी शुभांगी. मालेगावच्या ललितशी तिचं लगीन ठरलं. अठरा जूनची तारीख, पत्रिका वाटून झाल्या. आन् आठ तारखेला पाव्हण्यांच्या घरी हे आलं." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर आपटला. "वाचा! मोठ्यानं वाचा, समद्या गावानं वाचलंय."

गोदावरीबाईंनी वाचलं.

"आपण ज्या मुलीशी सोयरीक केली आहे तिचे चालचलन चांगले नाही. कॉलेजात असताना तिचे एका मुलाशी प्रकरण होते. आपण सज्जन आहात. हे लग्न करू नका. झाल्यास आपल्या मुलाच्या जिवास धोका आहे. – एक हितचिंतक."

"त्यांनी काय केलं?"

"काय करनार? लगीन मोडलं. फोनवर. आन् हे पत्र मानसाहाती धाडून दिलं. पोरीनं चार दिस अन्नाला हात नाय लावला. बाहेर गाडीत बसलीय बघा, तोंडावर वढनी घिऊन. माझ्या पोरीनं कुनाचं काय वाईट केलं होतं हो?" त्याचा आवाज फुटला, मग तो आणखी चिडला. "अन् वर मुलाच्या जिवाची धमकी! म्हंजी तो कोन मुलगा हाय, तो येऊन ललितला मारनार!"

"पत्र इथलंच कशावरून?"

"हे बगा." त्याने दुसरा कागद काढला. गुरुजींच्या ऑफिसातून मिळालेला, गुण जुळवल्याचा छापील कागद. डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ, तिथे शाई उतरलेलीच नव्हती. पत्रावरही तीच रेघ, त्याच जागी.

"प्रिंटर एकच," गोदावरीबाई म्हणाल्या. आवडलं त्यांना. शेतकरी असून डोळा चांगला होता. त्यांनी गुण जुळवल्याचा कागद खालपर्यंत वाचला. मुलीचं नक्षत्र मृग, मुलाचं श्रवण, गुण एकतीस. तळाला बारीक अक्षरात: छापल्याची तारीख १५-५-२००६.

"आणि पत्राची फाइल मी शोधली," विश्वेश पुढे आला. तिशीचा, केसांना जेल, कमरेला मोबाइलचं पाकीट. "डिलीट केली होती. पण डिलीट केलेलं काही दिवस पडून राहतं, ते हिला माहीत नाही. फाइलवर तारीख आहे. पंधरा मे, संध्याकाळी सात बारा. त्या दिवशी काका आणि मी दुपारीच त्र्यंबकला मुंजीला गेलो होतो. ऑफिसात एकटी साधना होती. आठपर्यंत. हे ती स्वतः कबूल करते."

"आन् तिला कारन बी हाय," खंडेराव म्हणाला. "गेल्या साली याच ललितला हिचं स्थळ गेलं होतं. त्यांनी नाय म्हनून सांगितलं. जळत होती रांड!"

"खंडेराव," गोदावरीबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या पोरीबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या तर तुम्ही तेल घेऊन आलात. दुसऱ्याच्या पोरीबद्दल तोंड सांभाळा."

खंडेरावाने मान खाली घातली नाही.

"ललितकडचे मुलगी बघायला कधी आले होते?"

"धा मेला."

"आणि हा कागद तुम्हाला कधी मिळाला?"

"अठराला. माझ्यासमोर छापला, गरम कागद हातात दिला. तवा पाव्हणे म्हनले, पत्रिका जुळली, आता हो म्हनतो. एकवीसला साखरपुडा केला."

गोदावरीबाईंनी दोन्ही कागद आपल्या पिशवीत टाकले. कुणी काही बोलायच्या आत आतल्या खोलीची कडी काढली.

साधना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. बांगडी फुटून मनगटाला रक्त आलेलं. सव्वीस वर्षांची पोर, पण त्या क्षणी बारा वर्षांची वाटत होती.

"हे हाताला कुणी केलं?"

"ओढलं त्यांनी. मावशी, आईला कळलं तर ती..."

"आईचं नंतर. पंधरा मेला आठपर्यंत का थांबली होतीस?"

"त्याच दिवशी सकाळी विश्वेशनी कुंडलीचं नवीन सॉफ्टवेअर टाकलं. जुनी सगळी नावं त्यात भरायची होती. एकच दिवस थांबले हो. एरवी सहाच्या ठोक्याला निघते. आईला पावणेसातला औषध असतं."

"एकही दिवस चुकत नाही?"

"चुकून कसं चालेल?"

"निघताना कॉम्प्युटर?"

"बंद करते. वर कव्हर घालते." ती थांबली. "मागच्या मंगळवारी सकाळी कव्हर उलटं घातलेलं होतं. शिवण बाहेर. मला वाटलं, झाडणाऱ्या बाईने काढलं असेल."

"मागचा मंगळवार म्हणजे सहा तारीख. आणि पत्रावर टपालाचा शिक्का?"

"सात जून आहे म्हणतात."

"म्हणजे तू पंधरा मेला एवढं विष लिहिलंस आणि तीन आठवडे उशाशी घेऊन झोपलीस. वा!"

साधनाला हसावं की रडावं कळेना. तिने नाक पुसलं.

बाहेर येऊन गोदावरीबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. कीबोर्डच्या प्रत्येक बटणावर कागदाचा चौकोनी तुकडा चिकटवलेला, त्यावर शाईने मराठी अक्षर. वळणदार, जुन्या घाटाचं. भिंतीवर फळा होता, त्यावर खडूने रोजची तिथी, वार, नक्षत्र. गोदावरीबाई त्या दोन्हींकडे बघत राहिल्या.

"साधना, तू बटणांकडे बघून टाइप करतेस?"

"नाही. आठ वर्षं झाली, बोटांना पाठ आहे."

"विश्वेश, तू?"

"मी मराठी टाइपच करत नाही."

"आणि गुरुजी?"

"मी त्या यंत्राला हातही लावत नाही," गुरुजी फणकारले. "माझं सगळं डोक्यात असतं."

"बरं."

मग त्या फडताळाकडे गेल्या. चाळीस वर्षांची पंचांगं, शकाप्रमाणे ओळीने लावलेली. वर धुळीचा जाड थर. गोदावरीबाईंनी बोट फिरवलं. एका ठिकाणी धूळ नव्हती. शके १९०४. ते पंचांग पुन्हा ठेवताना उलटं खोचलं गेलं होतं.

"खंडेराव, शुभांगीचा जन्म कधीचा?"

"ब्याऐंशी सालचा. तिरपुरी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नवाला. एक डिसेंबर."

"म्हणजे शके एकोणीसशे चार."

गुरुजींनी उपरणं खांद्यावर सारखं केलं. ते सारखंच होतं.

"बाई, हा काय तमाशा चाललाय?" विश्वेश म्हणाला. "फाइलवर तारीख आहे. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

"खरंच? मग मला जरा ते कुंडलीचं सॉफ्टवेअर चालू करून दाखव."

"ते... आत्ता कशाला?"

"बघायचंय. मी म्हातारी, मला काय कळतंय. दाखव."

"नको. नेट बंद आहे."

"याला नेट लागत नाही," आतून साधना म्हणाली. "लाल बटणावर दोनदा दाबलं की होतं सुरू."

विश्वेशने तिच्याकडे असं पाहिलं की गोदावरीबाईंना जे हवं होतं ते मिळालं.

"साधना, ये इकडे. तूच दाबून दाखव. आणि खंडेराव, तुमची चार शहाणी माणसं आत बोलवा. डबेवाला नको."

माणसं आत आली. गोदावरीबाईंनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं. "इथे नुसती वेळ दिसते. दोन सत्तावन्न. घड्याळं बघा आपापली. बरोबर? आता बाण त्या वेळेवर ने, साधना. तारीख काय दिसते?"

"बारा जून दोन हजार सहा."

"आता ते लाल बटण."

साधनाने दाबलं. पडदा काळा झाला, एक चक्र फिरलं, कुंडलीचं पान उघडलं.

"पुन्हा बाण ने वेळेवर."

साधनाने नेला.

"मावशी... पंधरा मे."

विश्वेश दाराकडे सरकला. खंडेरावाच्या एका भाच्याने दार लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला.

"बसा सगळे," गोदावरीबाई म्हणाल्या. "मी एकदाच सांगणार आहे.

"या पत्राकडे मी आधी कागद म्हणून बघितलं. पत्रात लिहिलंय, 'सोयरीक केली आहे.' फाइल म्हणते पंधरा मे. पण पंधरा मेला सोयरीक होती कुठे? पत्रिका अठराला जुळली, त्यानंतर पाहुण्यांनी होकार दिला. रागाच्या भरात तुमच्यापैकी एकानेही दिवस मोजले नाहीत. म्हणजे एक तर पत्र लिहिणारा भविष्य जाणतो, नाहीतर तारीख खोटी आहे.

"मग खंडेरावांचा कागद. अठराला यांच्यासमोर छापला. तळाला तारीख पंधरा मे. म्हणजे अठरा मेलाही हा कॉम्प्युटर पंधरा मेच म्हणत होता. विश्वेश, आता तू सांगतोस की मी सांगू?"

"मला काही माहीत नाही."

"मी सांगते. असली लबाडी मी छापखान्यात पकडलीय. हे सॉफ्टवेअर तीस दिवस फुकट वापरायला मिळतं. मग विकत घ्यावं लागतं. तू विकत घेतलंच नाहीस. त्याच्यावर चोरीचं बटण बसवलंस. सॉफ्टवेअर उघडलं की हे बटण तारीख पहिल्या दिवसावर नेऊन ठेवतं, बंद केलं की परत आजची करतं. त्यामुळे ते तीस दिवस कधी संपतच नाहीत. काकांना काय सांगितलंस?"

विश्वेशने कमरेचं पाकीट चाचपलं.

"ओरिजिनल आहे म्हणालो."

"अरे चोरा!" गुरुजी ओरडले.

"गुरुजी, तुमची पाळी यायचीय. विश्वेश, तारीख खोटी आहे हे तुला फाइल सापडली तेव्हाच माहीत होतं. तरी तू ती सगळ्यांना दाखवलीस. का?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही. मी फक्त तारीख सांगितली."

"का गप्प राहिलास ते विचारतेय!"

"क्रॅक आहे, चोरून फोडलेलं आहे, हे कळलं असतं!" तो एकदम किंचाळला. "अख्ख्या गंगापूर रोडला मी बसवलंय ते. चाळीस जणांकडे! डॉक्टर, वकील, शाळा. सगळे आले असते माझ्या अंगावर."

"म्हणजे चाळीस ठिकाणी खोट्या तारखा पडताहेत. एखाद्या वकिलाच्या फायलीवर असाच दिवस चुकून कुणी निरपराध आत जाईल, आणि तू तिथेही फक्त तारीख सांगशील. या मुलीच्या तोंडाला काळं लागलं असतं तरी तू बघत बसला असतास. बस खाली. तुझं तोंडही बघवत नाही मला."

तो बसला.

"बाई," खंडेराव म्हणाला, "मग पत्र ह्यानंच लिवलं का?"

"नाही. याला बटणाची खोड ठाऊक होती. यानेच लिहिलं असतं तर फाइल अशी पडू दिली नसती आणि स्वतःच शोधूनही काढली नसती. आता नीट ऐका. खोटी तारीख फक्त कुंडलीचं सॉफ्टवेअर उघडं असतानाच पडते. म्हणजे पत्र लिहिणाऱ्याने आधी कुंडली उघडली आणि मग पत्र लिहिलं. वेळ मात्र खरी राहते, तुम्ही आत्ताच पाहिलंत. सात बारा. सोयरीक झाल्यानंतरच्या एकाही दिवशी सातला साधना इथे नव्हती. पाच जूनच्या संध्याकाळी कुणीतरी कव्हर काढलं आणि उलटं घातलं. सात जूनला पत्र टपालात पडलं. सोमवारी सात वाजता विश्वेश, तू कुठे असतोस?"

"क्लासमध्ये. नऊपर्यंत. वीस मुलं असतात."

"मग घरात कोण उरतं?"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या.

"मूर्खपणा!" गुरुजी उठले. "मला टाइप करता येत नाही. आणि मी का लिहीन? माझ्याच हातचं जुळवलेलं लग्न मीच मोडीन? पस्तीस वर्षांत..."

"चौदाशे. कळलं. कीबोर्डवरची अक्षरं कुणाच्या हातची आहेत? साधनाला ती लागत नाहीत, विश्वेश मराठी टाइप करत नाही. फळ्यावरचं अक्षर आणि बटणांवरचं अक्षर एकाच हाताचं आहे. मी एकतीस वर्षं अक्षरंच बघितली, गुरुजी. एकेक बटण शोधत टाइप करायला तुम्हाला चांगलं येतं."

"पण का?" खंडेराव ओरडला. "का करतील ते?"

"ते मी सांगणार नाही. ते स्वतः सांगतील."

गोदावरीबाईंनी शके १९०४ चं पंचांग टेबलावर उघडलं. एक डिसेंबरच्या ओळीशी पेन्सिलीची ताजी खूण होती. शेजारी खंडेरावाचा छापील कागद ठेवला.

"गुरुजी, या कागदावर मुलीचं नक्षत्र काय आहे?"

"मृग."

"पंचांगावर हात ठेवा. त्या दिवशी सकाळी नवाला चंद्र कोणत्या नक्षत्रात होता?"

गुरुजींनी हात ठेवला नाही.

"ठेवा. तुम्ही यंत्राबद्दल खोटं बोललात. याच्यावर हात ठेवून बोलून दाखवा."

ते पंचांगाकडे बघत राहिले. माणूस कसाही असो, त्या पुस्तकापुढे त्याला खोटं बोलवेना. ओठ हलले.

"रोहिणी."

"आणि मुलगा श्रवण. रोहिणी आणि श्रवण, नाडी कोणती?"

"अंत्य."

"दोघांची?"

"दोघांची एकच."

"म्हंजी काय?" खंडेराव म्हणाला.

"म्हणजे एकनाडी," गोदावरीबाई म्हणाल्या. "हे जे मानतात, त्यांच्या लेखी असं लग्न करायचंच नसतं. केलं तर काय होतं, गुरुजी?"

गुरुजी खुर्चीत बसले. आवाज पार खाली गेला होता.

"मुलाच्या जिवाला धोका असतो."

खंडेरावाने टेबलावरचं पत्र पाहिलं. तीच ओळ. जिला तो चार दिवसांच्या रागात धमकी समजत होता.

"मुलीची बदनामी करणारा माणूस घराण्याच्या अब्रूचं लिहितो," गोदावरीबाई म्हणाल्या. "मुलाच्या जिवाचं नाही. त्या ओळीपाशी मी अडले होते. विश्वेशच्या क्रॅकने नुसती तारीख नाही खाल्ली. हे बटण बसवायला ज्या फायलीतलं तीस दिवसांचं कुलूप उचकटलं त्याच फायलीत चंद्राचं गणित असणार. कुलूप फोडताना गणितही फुटलं. हो की नाही रे?"

"एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं, जुन्या सालांचं नक्षत्र चुकतंय म्हणून," विश्वेश पुटपुटला. "मला वाटलं, कोण बघतंय."

"यांनी बघितलं. लग्न तोंडावर आलं तेव्हा सहज पंचांग काढलं असेल."

"सहज नाही," गुरुजी म्हणाले. "रुखवताची यादी द्यायला खंडेराव आले होते. मुलीचा जन्म त्रिपुरीच्या दुसऱ्या दिवसाचा, असं बोलता बोलता म्हणाले. त्या दिवशी मृग कसं, हे मला खटकलं. संध्याकाळी कुंडली उघडली, पंचांग शेजारी ठेवलं. पुन्हा पुन्हा पडताळलं. रोहिणी. मी स्वतःच्या सहीने एकतीस गुण लिहून दिले होते, खंडेराव! ते पोरगं मेलं असतं! मला ते थांबवायलाच हवं होतं."

"मग मला फोन करायचा!" खंडेराव टेबलावर दोन्ही हात टेकून वाकला. "गुरुजी, चूक झाली, लगीन करू नका, येवढंच बोलायचं! मी हसत मोडलं असतं. दुसरं स्थळ बघितलं असतं."

"काय सांगणार होतो? की वेणीमाधवाने यंत्रावर विसंबून न बघता सही केली? चौदाशे घरं आपापल्या पत्रिका घेऊन दारात आली असती. माझं नाव गेलं असतं हो."

"आन् माझ्या लेकीचं?"

गुरुजींनी पंचांग मिटलं.

"तुमचं नाव वाचवाया तुम्ही माझ्या लेकीचं घालवलं. मंग ते सापडाया लागलं तर ह्या पोरीचं घालवलं. सकाळधरनं तुम्ही तिला कार्टी म्हनताय. तुम्हाला ठावं होतं, गुरुजी! ती रडत होती तवा तुम्हाला ठावं होतं!"

खंडेराव त्यांच्या अंगावर धावेल असं सगळ्यांना वाटलं. तो धावला नाही. भाच्याला म्हणाला, "ह्यांना गाडीत घे. आदी पोलीस ठाणं. मंग उद्या मालेगाव. तिथं ह्यांच्या तोंडानं सांगतील."

"मला नाय जायचं मालेगावला."

भाच्याने दार उघडलं, तर दारात शुभांगी उभी होती. ओढणी तोंडावरून काढलेली. खिडकीतून बाहेर गाडीपर्यंत सगळं ऐकू गेलं होतं.

"पोरी, तुझं नाव..."

"ठाण्यात जे काय लिहायचं ते लिवा. पन त्या घरात मला नाय जायचं आबा. कुनाचं तरी निनावी चार ओळीचं पत्र आलं आन् त्यांनी मला एक शब्द इचारला नाय." ती साधनाकडे वळली. मग बापाकडे. "तुम्ही तरी हिला कुठं इचारलं?"

खंडेरावाचा चेहरा पडला. तो साधनासमोर आला, हात जोडले.

"पोरी, चुकलो मी. लय वंगाळ बोललो."

साधनाने मनगट पदराने पुसलं.

"इथे नका सांगू. जिथे बोललात तिथे सांगा."

तो फाटकाशी गेला. चाळीस माणसं उभी होती, शेजारच्या बंगल्यांच्या गच्च्यांवर बायका उभ्या होत्या. त्याने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. ही मुलगी निर्दोष आहे, मी तिला शिव्या दिल्या, हात धरून ओढलं, मी चुकलो. बोलताना दोनदा अडखळला, पण पूर्ण बोलला. मग वळून तिच्याकडे पाहिलं. सगळी गर्दीही पाहू लागली. आता ती काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं.

"ऐकलं मी," साधना म्हणाली. "माफ नाही केलं."

आणि ती गर्दीतून सरळ चालत गेली. तिला वाट द्यायला चाळीसही माणसं मागे सरली.